मेडिकेअर आणि मेडिकेड : दोन्ही लागू असताना योजनेची निवड

मेडिकेअर आणि मेडिकेड या अमेरिकेतील दोन योजना १९६५च्या एकाच कायद्याने जन्माला आल्या. नावे जुळी असली, तरी स्वभाव निराळे. मेडिकेअर केंद्र सरकारची असून मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी आहे. मेडिकेड अल्प उत्पन्न गटासाठी असून केंद्र व राज्ये मिळून ती चालवितात. साहजिकच तिचे नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात तर तिचे नावच ‘मेडि-कॅल’ आहे.

दोन्ही लागू असणाऱ्यांचे बिल आधी मेडिकेअरकडे जाते व उरलेला भार नियमानुसार मेडिकेड उचलते. खरा फरक दीर्घकालीन शुश्रूषेत जाणवतो. नर्सिंग होममधील कुशल शुश्रूषेसाठी मेडिकेअर एका लाभकालावधीत फार तर १०० दिवस साहाय्य देते. आंघोळ घालणे, जेवू घालणे अशा नित्याच्या मदतीसाठी मेडिकेडचाच आधार असतो. मात्र वयाच्या ५५ वर्षांनंतर दिलेल्या अशा शुश्रूषेचा खर्च राज्य सरकार लाभार्थीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून वसूल करू शकते. ही बाब कुटुंबाने आधीच जाणून घ्यावी.

निवडीचे प्रमुख पर्याय दोन. मूळ मेडिकेअरसोबत औषधांची स्वतंत्र योजना घेतल्यास मेडिकेअर स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते. ‘डी-स्निप’ या खास योजनेत खासगी कंपनी उपचारांची व्यवस्था पाहते. पण बहुधा ठरावीक डॉक्टरांपुरतीच. दात, चष्मा, किराणा यांच्या सवलती जाहिरातीत ठळक असतात. नेहमीचे डॉक्टर व नेहमीची औषधे यादीत नसतील, तर त्या सवलती महागात पडतात. तीच कंपनी मेडिकेडही सांभाळते काय, हेही विचारावे. अन्यथा दोन कार्डे आणि तक्रारींच्या दोन खिडक्या नशिबी येतात. निवड चुकल्यास २०२५पासून दर महिन्याला मूळ मेडिकेअरकडे परतण्याची मुभा आहे.

मुलांकडे स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांनी एक नियम ध्यानात ठेवावा. ग्रीन कार्ड असूनही, अमेरिकेत पुरेशी नोकरी झालेली नसल्यास मेडिकेअरसाठी सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते. मेडिकेडलाही सर्वसाधारणपणे ५ वर्षांची अट असून, प्रायोजक मुलाचे उत्पन्न त्यात धरले जाऊ शकते. प्रत्येक राज्यात ‘शिप’ या केंद्रांवर विनामूल्य सल्ला मिळतो. तेथे जाताना औषधांची यादी आणि दोन्ही कार्डे सोबत न्यावीत.