गिरणेची वाळू आणि पांझरेचे फड

पांझरा आणि कान नद्यांवरचे बंधारे नेमके कुणी बांधले यावर एकमत नसले, तरी 1880 च्या खानदेश गॅझेटिअरने त्यांची दखल घेतली आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालचे थळ, म्हणजे त्यावर भिजणारी जमीन, फडांत वाटलेले असते. एका हंगामात एका फडात एकच पीक घेतात आणि पुढच्या वर्षी फेरपालट होते. कुठला फड भिजवायचा ते पंच ठरवत, पाणी पाटकरी देई, उभे पीक जागल्या राखी आणि पाटातला गाळ काढायला सगळे शेतकरी येत. या फडपद्धतीत नियमांचे एकक होते बंधारा आणि त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन. गावाची शीव नंतर येई. खानदेशच्या गौणखनिज धोरणाला आज नेमके असे एकक नाही आणि वाळूचे बहुतेक भांडण त्यातूनच उभे राहते, असे माझे मत आहे.

कायद्याची वाट वेगळी गेली. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खनिजांवरचा हक्क सरकारकडे राखला, 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 ने तो कायम केला आणि 1957 च्या केंद्रीय कायद्याने गौणखनिजांचे नियम राज्यांवर सोपवले. वाळू त्यामुळे महसुलाच्या रकान्यात जाऊन बसली. राज्याचे धोरण 2019 मध्ये लिलावाचे होते, 2023 मध्ये सरकारी डेपोतून 600 रुपये ब्रासचे झाले आणि 2025 मध्ये पुन्हा ई-लिलावावर आले. वाळू कुणी विकायची एवढ्याचाच हा वाद. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरखालच्या वाळूघाटांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली आणि 2016 मध्ये जिल्हा सर्वेक्षण अहवाल आला, हे पाऊल चांगलेच. पण जिल्हा ही नदीची हद्द नव्हे. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात पांझणला आहे आणि वाळूची मोजणी होते जळगावात. 1969 पासून वरून येणारी वाळू त्या धरणात अडते. खाली मिळते ती तितूरसारख्या उपनद्यांनी आणि खचत्या काठांनी आणलेली. पावसाळ्यात घाट पुन्हा भरतो हे लिलावामागचे गृहीतक इथे फार जपून धरायला हवे.

ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची, म्हणजे शंभर घनफुटांची. वाळूच्या कणांमधली पोकळी तीस टक्क्यांच्या आसपास धरली, तर तेवढ्या जागेत सुमारे 850 लिटर पाणी मावते, तेही उन्हापासून झाकलेले. उन्हाळ्यात पात्रात झिरे खणून गावे पाणी पीत आली ती याच्याच भरवशावर, आणि काठच्या विहिरींची पातळीही त्यावरच टिकते. खालची चिकण माती उघडी पडेपर्यंत वाळू उपसली, की पूर धावत निघून जातो आणि बंधाऱ्याचा पायथा पोखरला जातो.

फडपद्धतीचे गोडवे गाऊ नयेत, हा आक्षेप रास्त आहे. ज्यांची जमीन थळात नव्हती त्यांना पंचांत स्थान नव्हते, आणि भूमिहीनांचा आवाज तर नव्हताच. म्हणून ती संस्था जशीच्या तशी उचलायची नाही, तिचे एकक तेवढे घ्यायचे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: घरकुलांना वाळू लागते आणि बंदी घातली की चोरी वाढते. तेही खरे, पाचपट दंडाची तरतूद असूनही रात्रीचे ट्रॅक्टर थांबलेले नाहीत आणि जळगाव जिल्ह्यात महसूल पथकांवर हल्लेही झाले आहेत. पण माझे म्हणणे बंदीचे नाहीच. पर्याय म्हणून सुचवली जाणारी कृत्रिम वाळूही डोंगर फोडूनच येते, तेव्हा खाणीची जागा फक्त बदलते.

ग्रामसभेला विचारले की झाले, असे काहींना वाटते. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या अनुसूचित भागात 1996 चा पेसा कायदा गौणखनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची करतो, आणि ते हवेच. मात्र खोल उपसलेल्या खड्ड्याच्या वरच्या कडेवर प्रवाहाचा उतार वाढतो, कड तुटते आणि पात्राची झीज उगमाच्या दिशेने सरकत जाते. खालच्या गावाने होकार दिला, तर वरच्या गावाचा नकार ठरावाच्या वहीतच राहतो.