दिल्लीचें बिऱ्हाड देवगिरीस

एका आळींतून दुसऱ्या आळींत बिऱ्हाड हलवावयाचें असलें तरी घरांतील माणसें आठ दिवस आधीपासून कामाला लागतात. भांडीं पोत्यांत जातात, देव टोपलींत बसतात, जात्याचें काय करावयाचें यावरून वाद होतो. आणि सर्व आवरून झाल्यावर म्हातारीं माणसें उगाच उंबऱ्याशीं घुटमळतात. हेंच बिऱ्हाड एखाद्या राजधानीचें असेल, आणि जावयाचें असेल सुमारें सातशें मैलांवर, तर तयारी ती केवढी!

इ. स. १३२७ मध्यें महंमद तुघलकानें दिल्लीचें बिऱ्हाड देवगिरीस हलविलें. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द मराठींत रुळला, त्याला हें प्रकरण बऱ्याच अंशीं कारण आहे. लहरी सुलतानानें सारी दिल्ली उठविली आणि मग माघारी पाठविली, एवढ्या एका वाक्यांत विद्यार्थ्याची त्यांतून सुटका होते. वाक्य अगदींच खोटें नाहीं. परंतु कोणतीहि तयारी न करतां सुलतानानें हा खेळ मांडला, असा जो समज त्यामुळें होतो, तो मात्र टिकण्यासारखा नाहीं.

देवगिरी म्हणजे रामदेवराव यादवाची आणि हेमाद्रीची राजधानी. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीनें ती प्रथम लुटली आणि १३१८ च्या सुमारास यादवांचें राज्य दिल्लीस जोडलें गेलें. पण जिंकणें निराळें आणि सांभाळणें निराळें. १३२५ मध्यें महंमद गादीवर बसला आणि वर्ष-दोन वर्षांतच त्याचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प यानें गुलबर्ग्याकडील सागर येथें बंड उभारलें. दिल्लींत बसून दक्षिण हातीं राहात नाहीं, हें सुलतानाच्या ध्यानांत आलें. देवगिरी राज्याच्या मध्यावर पडते, हें कारण इतिहासकार बरनी देतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता निराळेंच सांगतो: दिल्लीकर रात्रीं शिव्यांनीं भरलेलीं पत्रें दरबारांत टाकीत, म्हणून सुलतान चिडला. पण हा गृहस्थ दिल्लीस आला १३३४ मध्यें. सात वर्षांपूर्वींची हकीकत त्यानें ऐकली ती लोकांच्या तोंडून, आणि अशा गोष्टी तोंडोतोंडीं किती फुगतात तें सर्वांस ठाऊक आहे.

आतां तयारी पाहा. सुलतानानें प्रथम आपली आई मखदूमा-इ-जहान हिला राजपरिवार, सरदार, हत्तीघोडे आणि खजिना यांच्यासह पुढें धाडलें. मग इतरांची पाळी आली. दिल्लींतील घरांची किंमत त्यानें मालकांना चुकती केल्याचें खुद्द इब्न बतूताच लिहितो, आणि तो कांहीं सुलतानाची भाटगिरी करणारा नव्हे. दिल्लीपासून दौलताबादेपर्यंतचा रस्ता चाळीस दिवसांच्या मजलांचा. त्याच्या दोहों बाजूंस झाडें लाविलेलीं. एकेका मैलांत तीन तीन डाकचौक्या आणि त्या प्रत्येक ठिकाणीं वाटसरूस लागेल तें सर्व कांहीं. चाळीस दिवस जणूं बागेंतून आणि बाजारांतून चालावें, असें त्यानें या रस्त्याचें वर्णन केलें आहे. अर्थात् त्यानें हा रस्ता पाहिला तो कांहीं वर्षांनीं. पहिल्या तांड्यांना ती सावली लाभली असेल असें धरून चालतां येत नाहीं. रोप लावल्याबरोबर वड होत नसतो.

नव्या घराचीहि आंखणी झाली होती. अल-उमरी या अरब ग्रंथकारानें हिंदुस्थानांतून आलेल्या प्रवाशांकडून ती ऐकून लिहून ठेविली आहे. सैनिक, वजीर आणि कारकून, काजी आणि विद्वान्, शेख, व्यापारी, कारागीर अशा एकेका वर्गास निराळा मोहल्ला. प्रत्येक मोहल्ल्यास आपली मशीद, बाजार, हमामखाना, गिरणी आणि भट्टी. एका मोहल्ल्याला दुसऱ्यावर विसंबून राहावें लागूं नये, असा हेतु. कागदावरचा हा नकाशा पाहिला तर सुलतानाला वेडा म्हणण्यास जीभ धजत नाहीं.

दोष नकाशांत नव्हता, सक्तींत होता. घराची किंमत दिली म्हणजे घर सोडावयास माणूस राजी होतोच असें नाहीं. आणि जे राजी नव्हते त्यांना विचारलें कोणीं? इसामी नांवाचा फारसी कवि त्या वेळीं सोळा वर्षांचा होता. त्याचे आजोबा नव्वदीचे, संसारांतून मन काढून घरीं बसलेले. त्यांनाहि बाहेर काढण्यांत आलें. दिल्लीच्या जवळच तिलपत येथें पहिला मुक्काम पडला आणि तेथेंच म्हाताऱ्यानें देह ठेविला. इसामी म्हणतो कीं एकामागून एक असे सहा तांडे निघाले आणि दहांतील एकच माणूस पोंचलें. हा आंकडा दुःखाचा आहे, हिशेबाचा नव्हे. पण तिलपतची कबर खरी. बरनीहि सांगतो कीं पिढ्यान्पिढ्या एका जागीं नांदलेलीं कित्येक माणसें वाटेंतच मेलीं, आणि देवगिरीभोंवतीं मुसलमानांचीं कबरस्तानें उठलीं.

दिल्लींत मांजर-कुत्रेंसुद्धां राहिलें नाहीं, असेंहि बरनीनें लिहिलें आहे. आंधळ्याला दिल्लीहून ओढीत नेलें आणि दौलताबादेस त्याचा नुसता पाय पोंचला, ही इब्न बतूतानें ऐकलेली कथा तर सर्वतोमुखीं आहे. त्या उलट, दिल्लीजवळ नारायणा आणि सरबन येथें १३२७ व १३२८ सालचे संस्कृत शिलालेख सांपडले आहेत. त्यांत नगराचें वर्णन भरभराटीचें आहे. त्याच सुमाराचीं दिल्लीच्या टांकसाळींतील नाणींहि मिळतात. तेव्हां हललें तें दरबारी, विद्वान्, शेख, श्रीमंत यांचें शहर. शेतकरी आणि सामान्य हिंदु रयत बहुधा जागच्या जागींच राहिली.

खुद्द सुलतानाला तरी नवें घर मानवलें काय? दौलताबादेस असतां त्याचें पिण्याचें पाणी गंगेहून येत असे, चाळीस दिवसांच्या वाटेनें! डोंगर पोखरून कोरलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशीं राहावें आणि तहान मात्र दिल्लीकडची बाळगावी, हा प्रकार गंमतीचा खरा. पण दिल्ली सोडून आलेल्या इतरांची तहानहि तीच असणार, आणि त्यांच्यासाठीं कोणी कावडी धाडीत नव्हतें.

पुढें बेत ढासळत गेला. उत्तरेंत मुलतानकडे बंड झालें. १३३४-३५ च्या सुमारास दक्षिणेंत मदुरेकडील माबर प्रांत फुटला. तिकडे जातां जातां वरंगळला सुलतानाच्या सैन्यांत सांथ शिरली. शेवटीं ज्यांना परतावयाचें असेल त्यांनीं परतावें, अशी मोकळीक मिळाली. येथें बरनीनें ओझरता एक उल्लेख केला आहे, आणि या सबंध प्रकरणांत मोलाचा तोच आहे. पुष्कळजण परत गेले. परंतु ज्यांना मराठ्यांचा मुलूख मानवला ते बायकामुलांसह देवगिरीसच राहिले. या वेळीं कोणाची सक्ती नव्हती. दौलताबाद त्यांचें घर झालें तें या दिवशीं, १३२७ सालीं नव्हे.

निजामुद्दीन अवलियाचा शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्यें वारला तो दक्षिणेंतच. कवि अमीर हसन सिज्झी हाहि दिल्लीस परतला नाहीं. दोघांच्या कबरी दौलताबादेपासून तीन-चार कोसांवर खुलदाबादेस आहेत. या मंडळींनीं बरोबर आणलेली दिल्लीकडची बोली येथील मराठी-तेलुगूच्या शेजारांत वाढून दखनी झाली. १३४७ मध्यें दौलताबादेसच हसन बहमनी गादीवर बसला आणि दख्खन दिल्लीच्या हातून गेली. जी हातीं राहावी म्हणून एवढा खटाटोप केला, तीच.

इसामीहि दक्षिणेंतच राहिला होता. १३५० मध्यें त्यानें आपला पद्यमय इतिहास पुरा करून याच बहमनी सुलतानाला अर्पण केला. तुघलकाला त्यानें त्यांत मनसोक्त शिव्या घातल्या आहेत, आणि तिलपतला राहिलेल्या आजोबांची हकीकत लिहून ठेविली आहे.