इन्फिनिट स्क्रोल म्हणजे काय? रील्स बघताना थांबणं इतकं अवघड का जातं?

"फक्त पाच मिनिटं" म्हणून रात्री मोबाईल हातात घ्यायचा आणि घड्याळात बघावं तर दीड वाजलेला. तुमचंही असं होतं का? मग आपण स्वतःलाच बोल लावतो, "माझा स्वतःवर कंट्रोलच नाही." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. यात सगळी चूक तुमची नाही हे मी खात्रीने सांगतो, कारण अशी फीचर्स मी स्वतः बनवली आहेत.

इन्फिनिट स्क्रोल म्हणजे काय?

पूर्वी वेबसाइटच्या तळाशी १, २, ३ असे पानांचे आकडे असायचे. पुढचं बघायला क्लिक करावं लागायचं आणि तेवढ्यात मनात यायचं, "अजून बघू की बास?" २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने ही अडचण काढून टाकली. आपण तळाशी पोचायच्या आतच पुढचा मजकूर आपोआप लोड होतो. यालाच इन्फिनिट स्क्रोल म्हणतात. शेंगदाण्याची पुडी संपली की हात थांबतो, पण पुडी आपोआप भरत राहिली तर? पुढे स्वतः रास्किन यांनीच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

फीड नेमकं कसं चालतं?

तुम्ही कोणत्या रीलवर किती सेकंद थांबलात, काय परत बघितलं, कुणाला पाठवलं, हे सगळं नोंदवलं जातं. त्यावरून पुढच्या प्रत्येक रीलबद्दल अंदाज बांधला जातो आणि तुम्हाला थांबवून ठेवण्याची शक्यता जास्त असलेली रील आधी दाखवली जाते. मधूनच एखादी भन्नाट रील येते, पण ती कधी येईल ते माहीत नसतं. म्हणून "अजून एक" करत अंगठा चालूच राहतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही थांबलात हे सिस्टीमला लगेच कळतं. आनंदाने थांबलात की आतून जळत थांबलात, हे फक्त सेकंद मोजून कळत नाही.

माझा अनुभव

मी एका क्लायंटच्या शॉपिंग ॲपवर काम करत होतो. युजर तीन दिवस आला नाही की त्याला "तुमची आठवण येतेय" असं नोटिफिकेशन पाठवायचा कोड माझाच. पुढे तो प्रोजेक्ट बंद झाला आणि मी तीन महिने बेंचवर बसलो. पगार चालू, पण काम नाही आणि कधी काढतील याची धास्ती. त्या काळात बॅचमेट्सच्या पोस्टवर मी थांबायचो. कुणाची नवी गाडी, कुणी ऑनसाइट, कुणाचा साखरपुडा. मी थांबलो म्हणून फीडने तसंच आणखी दाखवलं. महिनाभरात मला वाटायला लागलं की सगळं जग पुढे गेलंय, मीच मागे राहिलोय. झोप उडाली. आई एकदा म्हणाली, "अरे, तू जेवतोस तरी कुठे? नुसता फोन बघतोस." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लोकांना ॲपवर परत आणायचा कोड लिहिणारा मी, स्वतःच त्यात अडकलो होतो.

अभ्यास काय सांगतात?

• २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी १० मिनिटंच वापरलं. नेहमीसारखं वापरणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा एकटेपणा आणि नैराश्य कमी झालं.
• २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकन प्रयोगात लोकांनी चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. रोजचा साधारण एक तास वाचला आणि मनाला थोडं बरं वाटलं.

'थोडं' हा शब्द महत्त्वाचा आहे. परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. शिवाय आधीच उदास असलेला माणूसही जास्त स्क्रोल करतो. त्यामुळे "मोबाईलमुळेच डिप्रेशन येतं" असं सरसकट म्हणणं बरोबर नाही.

मग करायचं काय?

ॲपने काढून टाकलेला 'शेवट' आपण परत आणायचा.

१. टायमर लावा: अँड्रॉइडमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' मधून प्रत्येक ॲपला रोजची मर्यादा घालता येते.
२. नोटिफिकेशन छाटा: माणसांचे मेसेज आणि कॉल चालू ठेवा, ॲपची आमंत्रणं बंद करा.
३. फीडला शिकवा: ज्याने त्रास होतो त्यावर 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. मित्राला अनफॉलो करायचं नसेल तर म्यूट करा, त्याला नोटिफिकेशन जात नाही.
४. फोन उशाशी नको: दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

मला स्वतःला चौथ्या उपायाचा सगळ्यात जास्त फायदा झाला. टायमर मी बऱ्याचदा "अजून १५ मिनिटं" म्हणून वाढवायचो, पण अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत जायचा मात्र कंटाळा यायचा!

हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर तो सेटिंगने सुटणारा प्रश्न नाही. घरच्यांशी बोला आणि भारत सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, २४ तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.

फीडला शेवट नसतो, मित्रांनो. पण रात्रीला असतो. आज फोन बाहेरच्या खोलीत ठेवून बघा.