कृत्रिम पचन व नॅनो-वायुसंवेदक
प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करून त्यातून निघणारी वाफ नॅनोपदार्थांच्या संवेदकांनी ओळखण्याची पद्धत. २०१४ च्या ‘इन्फोजेस्ट’ पद्धतीत ३७° से. तापमानाला घास तोंडात २ मिनिटे, जठरात (सामू ३) २ तास व लहान आतड्यात (सामू ७) २ तास राहतो. तोंड, जठर, आतडे म्हणजे अर्थात प्रयोगशाळेतली बाटलीच. तिच्यातली वरची हवा टिन ऑक्साइडच्या तापवलेल्या नॅनोतारांवर सोडतात. तारांवर चिकटलेला ऑक्सिजन वाफेशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात नि विद्युतरोध उतरतो. एकटा संवेदक वायू नेमका सांगत नाही, म्हणून संच लावतात. दमटपणा हा मोठाच अडथळा. ज्वारीच्या भाकरीची व तुरीच्या वरणाची खरी गंमत मात्र मोठ्या आतड्यात, त्यांतले तंतू आंबताना घडते. त्यासाठी बाटलीत जिवाणू सोडून हायड्रोजन मोजावा लागतो.