गिरणीचा भोंगा, मुंबई टाइम आणि शरीराचे घड्याळ : ठाणे-मुंबई परिसरातील झोपेच्या इतिहासाची एक नोंद

कोलशेत हे ठाणे शहराच्या उत्तरेकडील खाडीकाठचे गाव. येथील मासेमारीचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरे आणि ते रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरके. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलशेत रस्त्यालगत सँडोझ, बायर यांसारखे रासायनिक कारखाने आले आणि परिसराच्या दिनक्रमात ‘पाळी’ हा शब्द रुजला. आता त्या जागी गृहसंकुले उभी राहिली आहेत. एकाच गावाने तीन प्रकारच्या वेळा पाहिल्या. वेळ आणि झोप यांच्या या संबंधाकडे आपल्या कामगार-इतिहासलेखनाने क्वचितच लक्ष दिले आहे. निद्राविज्ञानातील अलीकडील संशोधनाच्या आधारे दोन परिचित घटनांचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

पहिली घटना 1884 मधील. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वश्रुत आहे. ती 1890 मध्ये मान्य झाली. त्याच निवेदनातील दुसरी मागणी मात्र उपेक्षित राहिली : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. येथे दिवसाचा आरंभ घड्याळाने ठरतो, शेवट मात्र सूर्याने. हे विसंगत वाटले तरी त्यात व्यवहारज्ञान होते. पहाटेच्या भोंग्याला घड्याळाचा लगाम हवा होता. संध्याकाळी अंधार हाच लगाम होता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि हा दुसरा लगाम सुटला. 1905 च्या सुमारास काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा येण्यासाठी 1911 चा कायदा व्हावा लागला.

दुसरी घटना जानेवारी 1906 मधील. 1 जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा 39 मिनिटांनी पुढे होती. गिरणीने घड्याळातील आकडा तोच ठेवला, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटे आधी हजर राहावे लागणार होते. काही गिरण्यांतील कामगारांनी काम थांबवले, दगडफेकही झाली. मुंबई महानगरपालिकेने तर ‘मुंबई टाइम’ 1955 पर्यंत टिकवला. या संघर्षाचे विवेचन बहुधा नागरी अस्मिता व वसाहतविरोध या अंगाने केले जाते. ते चुकीचे नाही. परंतु पालिकेतील प्रतिष्ठितांचा विरोध आणि पहाटे उठणाऱ्या कामगाराचा विरोध एकाच मापाने मोजणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. एकाचा प्रश्न मानाचा होता, दुसऱ्याचा शरीराचा.

‘शरीराचा’ हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशींतील घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल. फळमाशीतील एका विशिष्ट जनुकाचे प्रथिन रात्री साठते, दिवसा विघटित होते आणि हे चक्र सुमारे चोवीस तासांनी पुन्हा घडते. माणसाच्या मेंदूतील मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून रोज जुळवले जाते. भिंतीवरील घड्याळाचे काटे पुढे केल्याने ते पुढे सरकत नाही. रातपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले आहे. 1906 च्या कामगारांना यातील काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या तक्रारीला जैविक आधार होता, एवढेच म्हणता येते.

प्रमाणवेळेचा भार पश्चिम भारतावर आजही आहे. जूनमध्ये कोलकात्यात साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, मुंबई-ठाण्यात सव्वासातनंतर. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतीय आकडेवारीवरून दाखवले आहे, की जेथे सूर्यास्त उशिरा होतो तेथे मुले उशिरा झोपतात. शाळेची वेळ मात्र त्यानुसार पुढे जात नाही. परिणामी त्यांची झोप घटते आणि शिक्षणाची वर्षेही कमी भरतात.

हा प्रश्न शासनदरबारी पोहोचला तो डिसेंबर 2023 मध्ये. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विचार करून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश निघाला. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा, बसचालक आणि नोकरदार पालक यांनी अडचणी मांडल्या. त्याही खऱ्याच होत्या. तथापि जैविक घड्याळ सर्वाधिक उशिरा सरकते ते किशोरवयात, आणि आदेश थांबतो चौथीवर. प्रस्तुत लेखकाचा पहिला तास सकाळी सात वाजता असतो. समोरच्या बाकांवर सतरा-अठरा वर्षांची मुले असतात. त्यांपैकी काही साडेपाचच्या लोकलने आलेली असतात.