खुराकाचा हिशेब

आमच्या घरात कुस्तीची गोष्ट एकट्यानं सांगायची सोय नाही. आबा, म्हणजे माझे सासरे, डाव सांगतात. आई, म्हणजे सासूबाई, उधारी सांगतात. आबांनी खासबागेच्या हौद्यात दोन पैलवान उतरवलेले असतात, शड्डू ठोकून झालेले असतात, हलगी कडाडत असते, आणि आता ढाक बसणार एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "दुधाचे पैसे कुणी दिले ते पण सांगा की पोरांना."

माझं माहेर चिपळूणचं. तिकडं कुस्ती म्हणजे जत्रेतली एक दुपार. कोल्हापुरात शिवाजी पेठेत लग्न करून आले आणि कळलं, की इथं तालीम हा घराचाच एक खण असतो, फक्त तो दोन गल्ल्या पलीकडं असतो. पहिली काही वर्षं मी आबांच्या बाजूनं ऐकत होते. गोष्टीत रंगत त्यांच्याकडंच होती. मुलगी फुटबॉल खेळायला लागली, महिन्याचा खर्च वहीत मावेना, तेव्हापासून माझा कान आईंकडं वळला.

आबांचे थोरले भाऊ पैलवान होते. घरात त्यांना दादा म्हणत. साठच्या दशकातली गोष्ट. 1959 साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, लगेच 1960 ला गणपतराव आंदळकर, 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. पेठेतल्या ज्या घरात दांडगं पोर होतं त्या घरात तेव्हा एकच स्वप्न. आबा सांगतात, पहाटे तालमीत जोर मारणाऱ्यांच्या श्वासांचा आवाज रस्त्यावर यायचा. लाल मातीत ताक, लिंबू, हळद, तेल, काव घालून ती खोऱ्यानं उकरायची, आणि मग अंगाला लागली तरी ती माती बाधायची नाही. वस्तादाच्या हातात काठी असे. ती कुणाच्या पाठीत कशी बसायची तेही आबा तपशिलानं सांगतात, कारण काही वेळा ती त्यांच्याच पाठीत बसलेली आहे. त्यांची कुस्ती तेवढ्यावरच संपली.

आई या घरात 1969 मध्ये आल्या. दादांची थंडाई करायचं काम नव्या सुनेकडं आलं. रात्री भिजत घातलेले बदाम पहाटे सोलायचे. थंडीत बोटं आखडायची, साल निसटायची, बदाम टुणकन उडून चुलीमागं जायचा, आणि तो शोधून परत धुऊन घ्यायचा, कारण बदाम मोजून ठेवलेले असत. मग कुंडीत खसखस, बडीशेप, वेलदोडा, मिरी आणि बदाम घालून सोट्यानं घोटत बसायचं. आई अजून हाताचा गोल करून दाखवतात, खांद्यापासून. "घोटणं पातळ व्हायला लागलं की लोण्यासारखा वास येतो. मला तो वास आवडायचा. पण प्यायला कधी मिळालं नाही." हे त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत. वरणात मीठ किती घातलं ते सांगावं तसं सांगतात.

त्याच वर्षी भालजी पेंढारकरांचा 'तांबडी माती' आला. कुस्तीवरचा सिनेमा, शिवाय कोल्हापूरचा. दादा कोंडके पडद्यावर पहिल्यांदा दिसले ते त्यातच. लग्नानंतर आबांनी आईंना दाखवलेला हा पहिला सिनेमा. आबांना अजून त्यातली कुस्ती आठवते. आई म्हणतात, "चांगला होता की. पण बदाम कोण सोलत होतं ते काही मला दिसलं नाही."

हा खर्च घरावर कधी आला, याचा मी माझ्यापुरता एक छडा लावला आहे. शाहू महाराज 1902 मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं कलोसियम पाहिलं, आणि परत आल्यावर तसं मैदान आपल्याकडं हवं म्हणून खासबाग बांधायला घेतलं. 1912 मध्ये ते पुरं झालं. मधे हौदा, भोवती चढत जाणारी जमीन, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पैलवानाची पाठ मातीला टेकलेली दिसते. पण महाराजांनी नुसतं मैदान बांधलं नाही. तालमी पोसल्या, लांबलांबचे मल्ल आणून ठेवले, त्यांचा खुराक दरबारातून दिला. पैलवानाचं पोट ही सरकारी बाब होती. मग 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. मैदान राहिलं, माती राहिली, वस्ताद राहिले. खुराकाचं तेवढं बघणारं कुणी राहिलं नाही. पुढं सहकारी साखर कारखाने पैलवानांना मानधन द्यायला लागले, पण ते नाव झालेल्यांना. नाव होईपर्यंतची सगळी वर्षं म्हशीवर, आईवर आणि भावजयीवर. हा माझा निष्कर्ष आबांना मान्य नाही. त्यांच्या मते कुस्ती घसरली ती मॅट आल्यामुळं.

मॅटवरून विषय हमखास खाशाबा जाधवांवर जातो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तोवर संस्थान नव्हतं. गावानं वर्गणी काढली, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनवरून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, शंभरावर गाड्या होत्या. इथं आबांचा आवाज दाटतो, दर वेळी.

आईंचा प्रश्नही दर वेळी तोच. "मास्तरांनी घर गहाण टाकलं. त्यांच्या बायकोला विचारलं होतं का?"

माझ्या मुलीनं हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती खो खो हसली. मी हसले नाही. गोष्ट पुढं अशी सांगतात, की परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. शाळेच्या पुस्तकात पदक येतं, मिरवणूक येते. घर सुटल्याची गोष्ट मला आईंकडून कळली.

कुस्तीचं एवढं, तर सिनेमाचंही वेगळं नाही. कोल्हापूर म्हणजे कलापूर असं आपण कौतुकानं म्हणतो, बाबूराव पेंटरांचं नाव घेतो. त्यांनी कॅमेरा स्वतः बनवला, 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. एका गाणाऱ्या बाईनं मैफिलींतून जमवलेले पैसे एका पेंटरच्या लाकडी पेटीत घातले, यावर खरं तर कुणीतरी सिनेमा काढायला हवा. 1929 ला प्रभात निघाली, तेव्हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांच्या जोडीला पाचवे भागीदार होते सीताराम कुलकर्णी, पैसा त्यांचा. पहिल्या चौघांची नावं आबा एका दमात म्हणतात. पाचवं आई पुरं करतात.

आईंची आई जयप्रभा स्टुडिओत मॉबमध्ये जायची. ऐतिहासिक सिनेमा असला की पेठेतल्या बायका गर्दीला, तालमीतली पोरं मावळ्यांना. रोजी मिळायची आणि दुपारचं जेवण. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजींचा हा स्टुडिओ जळाला, आणि त्यांनी कर्ज काढून तो परत उभा केला. लोक भालजींच्या जिद्दीबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे. आईंच्या घरी त्या आगीची आठवण मात्र रोजी बंद झाली ही.

आबांना अधूनमधून क्रिकेटही आठवतं, पण ते केवळ भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे म्हणून. डिसेंबर 1948, पुण्याचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. निंबाळकर नाबाद 443. ब्रॅडमनचा विक्रम 452 चा, म्हणजे बरोबरीला 9 धावा हव्या. मधल्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधारानं सांगितलं, पुरे झालं, आम्ही निघालो. आणि खरंच निघाले. महाराष्ट्र 4 बाद 826 वर सामना संपला. निंबाळकरांना पुढं एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. माझा मुलगा या गोष्टीनं अस्वस्थ होतो. "असं कसं जाऊ देतात आबा? रूलच नाही का?" या गोष्टीत आईंना काही विचारायचं नसतं. त्यात खर्च नाही.

मुलांचं जग वेगळं आहे असं मला वाटायचं. तसं ते फारसं नाही. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचेच: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. नावात तालीम, आणि तालमीत बहुतेक ठिकाणी आता हौदा नाही, जिम आहे. मेस्सी आणि नेमारचे कटआऊट चौकात लागतात ते गणपतीच्या मंडपाइतक्याच चुरशीनं, आणि कोण अर्जेंटिनाचा, कोण ब्राझीलचा हे पेठेवर आणि गल्लीवर ठरतं. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले, आणि आबांनी नातीला विचारलं, "आपलं पोरगं कुठलं गं त्यात?"

मुलगी शाळेच्या संघात आहे. बूट दर वर्षी लहान होतात. शिन गार्ड, मोजे, टर्फचं भाडं, बाहेरगावच्या स्पर्धेचा प्रवास. मधे एका मैत्रिणीचं ऐकून तिला प्रोटीनचा डबा हवा होता. आबांनी त्यावर तोडगा काढला: रविवारी पहाटे तिला गंगावेशीत घेऊन गेले. तिथं रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, गवळी समोर धार काढतो आणि तसंच कोमट, फेसाळ दूध पेल्यात देतो. पेल्याच्या वर दोन बोटं फेस. आबा एका दमात पितात, मिशी पुसतात. मुलीनं नाक दाबून अर्धा पेला घेतला आणि उरलेला भावाकडं सरकवला. डब्याचा विषय तरीही मिटला नाहीच. डब्याची किंमत ऐकून आई म्हणाल्या, "एवढ्यात दादांचा महिन्याचा खुराक झाला असता." मग थोडा विचार करून, "नाही. तेव्हा बदामही महागच होते."

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक, आणि तेही आमच्या जिल्ह्यातलं. घरात नुसता गोंधळ. आबांनी पेढे आणायला मुलाला पिटाळलं. टीव्हीवर वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच, मुलाच्या काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढलेलं, असं सगळं येत होतं. आई पुढं सरकून बसल्या. कर्जाचा भाग त्यांनी आवाज मोठा करून ऐकला. मुलगा पेढ्यांबरोबर एक मागणीही घेऊन आला: त्याला एअर रायफल हवी होती. मी त्याला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला सांगितलं.

तो आठवडा संपायच्या आतच, 8 तारखेच्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी खासबागेला लागूनच बांधलेलं हे थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आबा सकाळी तिकडं बघायला गेले आणि आल्यावर दिवसभर कुठल्याच मैदानाची गोष्ट त्यांनी काढली नाही. आईंनीही काही विचारलं नाही. रायफलीचा विषय मुलानं आपण होऊन मागं घेतला.

गेल्या महिन्यात मुलीची शाळेची मॅच होती. आईंनी आजवर फुटबॉल टीव्हीवरच बघितलेला, तोही भाजी निवडत. या वेळी मीच म्हटलं, चला. इरकल नेसून, हातात पिशवी घेऊन त्या आल्या, टच लाइनला खुर्ची टाकून बसल्या आणि शेजारच्या पालकाला बुटांची किंमत विचारली. मुलगी डावीकडून खेळते. दुसऱ्या हाफमध्ये तिच्याकडं बॉल आला, एकीला चकवलं, दुसरी पडली, आणि नेटच्या कोपऱ्यात गोल.

जुन्या मैदानात कुस्ती निकाली झाली की लोक हौद्यात उतरून पैलवानाच्या हातात नोटा द्यायचे, हे आबांच्या गोष्टीतून आम्हाला पाठ आहे. आई उठल्या. पिशवीतून पन्नासाची नोट काढली आणि पदर खोचून सरळ मैदानात निघाल्या. मी मागून "आई, आई" करत होते. सेंटरला बॉल ठेवून पोरी तयार उभ्या. रेफरीनं शिट्टी फुंकली, हात केला, मग स्वतःच पळत आला.

"आजी, मॅच चालू आहे."

"मग थांबव की जरा," आई म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.