वारंगा फाट्यावरची खुळखुळती शेंग

चैत्र नुकताच लागलाय. नांदेडहून आलेली एसटी तुम्हाला वारंगा फाट्यावर उतरवते आणि कळमनुरी-हिंगोलीच्या रस्त्याला लागते. तुम्हाला जायचंय दुसऱ्या रस्त्याने, हदगाव-उमरखेडकडे, आणि ती गाडी यायला अजून वेळ आहे. ऊन चढलंय. जवळच्या शेतात हळद शिजवणं चाललंय, तिचा मातकट, उग्र वास वाऱ्याबरोबर फाट्यापर्यंत येतो. तुम्ही चहा सांगता आणि टपरीमागच्या झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहता. तेवढ्यात डोक्यावर आवाज होतो. खुळखुळ, खुळखुळ.

वर शेकडो शेंगा लटकताहेत, वाळलेल्या कडब्याच्या रंगाच्या. त्यांच्यामधून पोपटी पालवी फुटते आहे. "कशाचं झाड आहे हे?" तुम्ही विचारता. चहावाले दादा मान वर न करता सांगतात, "आसंल बाभळीच्या जातीचं काहीतरी. लई वर्षांचं हाय."

एवढ्यावर समाधान मानू नका. पायाजवळची एक शेंग उचला. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, सपाट, कागदासारखी पातळ. जिथे बी आहे तिथे फुगवटा. आता एक खाली आलेली फांदी ओढा आणि पान पाहा. देठाला दोन-चार जोड्या उपदांड्या, प्रत्येक दांडीवर समोरासमोर पर्णिका, नखापेक्षा थोड्या मोठ्या. पर्णिकेची मधली शीर मधोमध नाही, एका कडेला सरकलेली. मुख्य देठाच्या बुडाशी बोट फिरवलंत तर एक बारीक उंचवटा लागेल, ती ग्रंथी आहे. फूल चार दिवसांचं असतं आणि आपण वेळेवर पोहोचलो तरच भेटतं. शेंग महिनोन् महिने थांबते. झाड ओळखायचं तर मी शेंगेवर जास्त विश्वास ठेवतो.

शेंग कानाशी धरा आणि हलवा.

रस्ता अरुंद झालाय. चौपदरी गेली, दुभाजक गेला. मैलाच्या दगडापाशी विचारलंत तर लोक जिल्हा परभणी सांगतील, कारण हिंगोली जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागेल. साल १९८५ धरा. सामाजिक वनीकरणाची रोपं पिशव्यांतून बांधावर चालली आहेत. त्यांत सुबाभूळ आहे, उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बायफ'ने गावोगाव पोहोचवलेली, हवाईकडची उंच जात. गिरिपुष्पही आहे, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. दोघांचं मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. तुमची शेंग यांच्यापैकी कुणाची असेल? सुबाभळीच्या शेंगा जेमतेम बोटाएवढ्या रुंद आणि एकाच गाठीतून झुपक्याने लोंबणाऱ्या, पर्णिका अगदी बारीक. उंदीरमारीचं पान साधं, एकाच दांडीचं, आणि तिची शेंग उन्हात तडकून बी लांब फेकते. दोन्ही नावं खोडा. शिवाय टपरीमागचं झाड इथेही उभं आहेच, आणि त्याचा बुंधा कवेत मावत नाही. ते या रोपांच्या आधीचं आहे.

पुन्हा हलवा.

१९७२. सावलीखाली खडीचा ढीग आहे आणि ढिगाला टेकून बाया बसल्या आहेत. टक, टक, टक, नुसता हातोड्यांचा आवाज. एकीचा अंगठा चिंधीने बांधलेला, चिंधी लाल झालेली. तिचं दीड-दोन वर्षांचं पोर झोळीत, झोळी याच झाडाच्या फांदीला. कामावर सुकडी मिळते, घरी मिलोची तांबडी भाकरी. विहिरी आटल्या, कडबा संपला, दावणी रिकाम्या झाल्या. त्या वर्षी मराठवाड्याने रस्ते बांधले ते असे, पोटासाठी. तुम्ही शेंग हातात घेऊन उभे आहात. बायांतल्या एका म्हातारीचं लक्ष जातं.

"काय बघायलास, लेकरा?"

"मावशी, या झाडाचं नाव काय?"

"नाव घेऊन काय करायचंय? शेरडं खात्यात. पाला पाडला की धावत येत्यात. आवंदा याच्यावरच जगली माझी दोन."

तिने झाड ओळखलंय. पुस्तकातलं नाव तिच्याकडे नाही, पण बाकीचं सगळं आहे: पाला कधी येतो, कुठली फांदी तोडली तर पुन्हा फुटते, शेंग कुठल्या महिन्यात वाजायला लागते. या झाडाचा पाला खरोखरच सकस चारा आहे, शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. वनस्पतिशास्त्राची सुरुवात अशाच माणसांपासून झाली असं मला मनापासून वाटतं. मावशींचं बोलणं वहीत लिहून घ्या, मगच पुढे चला.

१९४८ चा सप्टेंबर आला तर थांबू नका. निजामाचं राज्य अखेरच्या दिवसांत आहे, रझाकारांच्या भीतीने गावं रात्री जागी आहेत. १७ तारखेनंतर रस्ते मोकळे होतील. झाड तिथेच आहे, एवढं पाहून निघा.

१८७० च्या आधी या. डांबर नाही, खडी नाही, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. आणि एक लक्षात येतंय का? वेडी बाभूळ कुठेच दिसत नाही. ती अमेरिका खंडातून हिंदुस्थानात आली १८७७ च्या सुमारास. पर्जन्यवृक्षही नाही, तोसुद्धा त्याच काळातला दक्षिण अमेरिकेकडचा पाहुणा. या पाहुण्यांपैकी तुमच्या झाडाचा सर्वांत जवळचा भाऊबंद तोच, आणि सर्वांत जास्त फसवणाराही तोच. पानांची ठेवण सारखी, फुलांचे तुरे सारखे. पण शेंग खोटं बोलत नाही. पर्जन्यवृक्षाची शेंग जाड, काळपट आणि आत चिकट गोड गर, त्यामुळे बी आत रुतून बसतं. ती तुमच्या शेंगेसारखी खुळखुळणार नाही. हेही नाव गेलं.

अजून मागे. १८३० च्या आसपास. हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी आहे आणि मेडोज टेलर नावाचा एक तरुण अधिकारी तिथे राहून गेला आहे. १८३९ साली त्याची ठगांवरची कादंबरी लंडनमध्ये छापली जाईल. तोवर या वाटेने एकटं जाऊ नका, आणि सावलीत बसलेल्या गोडबोल्या प्रवाशांच्या घोळक्यात तर मुळीच बसू नका. आजूबाजूला पाहा. ज्याच्याशिवाय आपल्याला उन्हाळा सुचत नाही तो गुलमोहर नाही. मादागास्करमधून बोजर या निसर्गअभ्यासकाने तो जगासमोर आणला आणि १८२९ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, मराठवाड्यातल्या रस्त्यांना त्याचा पत्ताही नाही. तसंही त्याच्या लांबलचक, लाकडासारख्या कडक, तलवारीसारख्या शेंगेशी तुमच्या कागदी शेंगेचं नातं जुळतच नव्हतं.

आता डोळे मिटून जोरात हलवा.

तेराव्या शतकाची अखेर. मुंबईही नाही, हैदराबादही नाही, देवगिरीला यादव आहेत. फाटा नाही, पायवाट आहे. विलायती चिंच नाही. शेतात मिरची नाही, मका नाही, भुईमूग नाही. ज्या जिन्नसांना आपण अस्सल गावरान म्हणतो, त्यांतले किती आलेच नाहीत! पळस आहे, बाभूळ आहे, आपटा आहे, मोह आहे. परंपरा सांगते की इथून फार लांब नसलेल्या नर्सीत नामदेवांचा जन्म १२७० चा, आणि विसोबा खेचरांची नि त्यांची भेट झाली ती औंढा नागनाथच्या देवळात. त्या देवळाकडे निघालेली माणसं सावलीला टेकली आहेत. सावली कुणाची? वर पाहा. खुळखुळ.

टेकलेल्यांत एक वैद्य आहेत. तुमच्या हातातली शेंग ते न विचारता घेतात, दोन अंगठ्यांनी उभी उसवतात, बी तळहातावर ठेवतात. चपटं, तपकिरी, तुकतुकीत बी. त्याच्या पोटावर घोड्याच्या नालासारखी एक फिकट रेघ आहे. सातशेहून अधिक वर्षांच्या प्रवासात तुम्ही शेंग उघडून पाहिलीच नव्हती. वैद्य त्या रेघेवर नख फिरवतात आणि एकच शब्द उच्चारतात.

शिरीष.

चरकसंहितेने विष उतरवणाऱ्या द्रव्यांत अग्रमान दिला तो शिरीष. कालिदासाच्या नायिका ज्याची फुलं कानावर खोवतात तो शिरीष. फूल इतकं नाजूक की नाजूकपणाची उपमाच होऊन बसलं, आणि लाकूड असं की गाड्याला चालतं. सिरस म्हणूनही तो ओळखला जातो. तो कुठून आला नाही, तो इथलाच. बाकीची नावं एकेक करून गळाली आणि हे उरलं.

परत येताना दोन वळणं पाहून घ्या. १७५३ मध्ये लिनियसने याला लाजाळूच्या घराण्यात बसवलं आणि अरबी नाव त्याला कायमचं चिकटवलं, लेबेक. १८४४ मध्ये बेंथमने त्याला अल्बिझिया कुळात नेलं. ते कुळ फ्लॉरेन्सच्या अल्बिझी घराण्यातल्या एका सरदाराच्या नावाचं, ज्याने अठराव्या शतकात याचा एक चुलतभाऊ इटलीत नेला. एकोणिसाव्या शतकात कैरोहून पिरॅमिडकडे जाणाऱ्या रस्त्याला सावली दिली तीही याच लेबेकने. शिरीष एवढं फिरून आला आणि वारंग्याच्या टपरीमागे त्याला कुणी नावाने हाक मारीना, हे मला सहन होत नाही. रस्ते रुंद होताना कडेची झाडं जातात, त्यांची नोंद नुसती 'झाडे' अशी होते. नाव माहीत असलेलं झाड तोडायला निघालेल्याला निदान विचारता तरी येतं.

चहा निवलाय. उमरखेडची गाडी दिसते आहे. चहावाल्या दादांना पैसे देताना सांगून टाका, "दादा, हा शिरीष आहे." ते वर पाहतील. मग शेंगेतलं बी खिशात टाका. त्याचं कवच कठीण असतं, म्हणून पेरायच्या आदल्या दिवशी त्यावर उकळतं पाणी ओता आणि त्यातच रात्रभर राहू द्या. मृगाचा पाऊस पडला की तुमच्या गावच्या फाट्यावर लावा, आणि पहिली दोन वर्षं शेरडांपासून जपा.